गुरुजी गेले त्या वर्षी

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, व्यासपीठावर असतानाच, नरहर कुरुंदकर हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय अवघे एकोणपन्नास. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, 'जागर' आणि 'शिवरात्र'चे लेखक, मनुस्मृतीपासून रससिद्धान्तापर्यंत कोणत्याही विषयावर तासन्‌तास बोलू शकणारा माणूस. अवघा मराठवाडा त्यांना 'गुरुजी' म्हणत असे. गावोगावच्या व्याख्यानमालांना त्यांचा आवाज ओळखीचा होता, आणि तो असा मध्येच थांबेल हे कोणाच्या मनातही आले नव्हते.

त्यांच्या आडनावातले कुरुंदा हे गाव वसमत तालुक्यात आहे. जन्म १५ जुलै १९३२चा, कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचा, म्हणजे आजोळचा. तेव्हा ही सगळी गावे निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ला. शिक्षणासाठी हैदराबाद, मग मुक्तिसंग्राम, मग नांदेडला आधी शाळेत आणि पुढे महाविद्यालयात शिक्षक, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांच्या विचारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. मृत्यूबद्दल मात्र प्रत्येक चरित्रात एकच ओळ येते: हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन.

ही ओळ त्या पिढीतल्या अनेकांच्या चरित्राच्या शेवटी आहे. नट काशिनाथ घाणेकर २ मार्च १९८६ला अमरावतीत असेच गेले. लोक हळहळत, 'वेळ आली होती' म्हणत आणि विषय तिथे संपत असे. पण त्या ओळीलाही इतिहास आहे. १९८२ साली अशा रोग्यासाठी वैद्यकाच्या हातात काय होते, पुढच्या सहा वर्षांत काय आले, आणि त्यातले कुरुंद्यासारख्या गावापर्यंत किती पोहोचले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्या दिवशी गुरुजी वाचले असते की नाही, या चर्चेत शिरायचे कारण नाही. आज त्या वयाचा माणूस आपल्या घरात आहे, त्याच्यासाठी हा इतिहास वाचायचा.

खाटेवरचे सहा आठवडे

हृदयाच्या रक्तवाहिनीत गाठ होऊनही माणूस काही काळ जगू शकतो आणि त्याचा आजार जिवंतपणी ओळखता येतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली नीट मांडले. त्याआधी काही वर्षे नेदरलँड्समध्ये विलेम आइन्थोवेन यांनी हृदयाच्या विजेचा आलेख काढणारे यंत्र तयार केले होते. त्यासाठी त्यांना १९२४चे नोबेल मिळाले. पुढे ईसीजीच्या कागदावरच्या रेषांत झटका दिसू लागला. निदान आले, पण उपचार नव्हता.

तेव्हाचा उपचार म्हणजे विश्रांती, आणि तीही कडक. रोग्याने चार-सहा आठवडे खाटेवरून हलायचे नाही, कुशीवर वळायलाही दुसऱ्याने मदत करायची. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होत, त्या फुफ्फुसात जात, आणि झटक्यातून वाचलेला माणूस विश्रांतीने मरे. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रोग्यांना आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते अनेकांना धाडस वाटले. १९५५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले, तेव्हा कुठे जगाला पटले की झटक्यानंतरही माणूस कामावर जाऊ शकतो. आपल्याकडे 'अटॅक येऊन गेलाय, आता जड काही करू नका' हा सल्ला आजही घरोघर दिला जातो. तो त्या खाटेच्या काळातून आला आहे.

१९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी दाखवले की छाती न उघडता, नुसत्या तळहातांनी छातीवर दाब देऊन बंद पडलेल्या हृदयाचे काम काही काळ चालवता येते. पुढच्याच वर्षी डेस्मंड ज्युलियन यांनी सुचवले की झटक्याच्या रोग्यांना एका खोलीत ठेवावे, सतत ईसीजी पाहावा आणि ठोके बिघडले की तिथल्या तिथे विजेचा धक्का द्यावा. त्यातून 'कार्डिअ‍ॅक युनिट' जन्माला आले. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी शंभरातले तीसेक दगावत असत, ते प्रमाण निम्म्यावर आले. मूळ गाठ मात्र होती तिथेच राहिली.

मुंबई आणि मराठवाडा

या इतिहासात महाराष्ट्राचे पान मोठे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा रक्तदाबावरचा परिणाम प्रसिद्ध केला. वैद्यांच्या बटव्यातली मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आली. उच्च रक्तदाब गोळीने उतरवता येतो, हा विश्वास देणाऱ्या पहिल्या औषधांपैकी ते एक होते. त्याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी माणसाच्या हृदयाचे प्रत्यारोपण केले. केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासच जगला, पण जगाच्या अगदी पुढच्या रांगेत आपली सरकारी रुग्णालयातली माणसे उभी होती.

मराठवाडा या रांगेपासून फार दूर होता. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६चे. त्याच्या रुग्णालयाला लोक 'घाटी' म्हणतात, आणि चार-पाच जिल्ह्यांतल्या गरिबाचा शेवटचा आधार पिढ्यान्‌पिढ्या घाटीच राहिला. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४मध्ये निघाले. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय आले १९८८मध्ये, म्हणजे गुरुजी गेल्यानंतर सहा वर्षांनी. १९८२मध्ये मनमाड-काचीगुडा आणि पूर्णा-हिंगोली-अकोला हे दोन्ही रेल्वेमार्ग मीटरगेज होते. कुरुंद्यात कोणाच्या छातीत रात्री कळ आली, तर आधी गाडी शोधायची, मग वसमत, मग नांदेड, आणि तिथून पुढे औरंगाबाद किंवा हैदराबाद. झटक्याने मरणाऱ्यांतले कितीतरी पहिल्या तासा-दोन तासांतच जातात. एवढ्या वेळात तो रोगी वसमतच्या पुढेही गेलेला नसे.

सहा वर्षांचे अंतर

मोठी शस्त्रक्रिया तेव्हा अस्तित्वात होती. क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी १९६७मध्ये पायातली शीर काढून हृदयाला जोडली आणि बायपास रूढ केली. भारतात ती पहिल्यांदा १९७५मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. १९७७च्या सप्टेंबरात झुरिचमध्ये आंद्रियास ग्रुंट्झिग यांनी मांडीतल्या धमनीतून फुगा नेऊन हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी रुंद केली. पण हे सगळे निवांत, ठरवून करायचे उपचार होते. झटका चालू असताना, त्याच क्षणी, गाठीवर घाव घालणारे औषध नेहमीच्या वापरात आलेले नव्हते.

ते औषध जवळच होते. घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूतले एक द्रव्य रक्ताची गाठ विरघळवते, हे १९३३मध्येच विल्यम टिलेट यांच्या लक्षात आले होते. नाव पडले स्ट्रेप्टोकायनेज. खात्रीलायक पुरावा मिळायला मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ गेला. १९८६मध्ये इटलीतल्या ११,८०६ रोग्यांचा 'गिसी' अभ्यास आला. झटक्यानंतर पहिल्या तासात हे औषध मिळालेल्यांतले मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते. उशीर होत गेला तसा फायदा ओसरत गेला. १९८८मध्ये 'इसिस-२' आला. त्यात १७,१८७ रोगी होते. ज्यांना औषध मिळाले नाही, त्यांच्यातले शंभरी सुमारे तेरा पाच आठवड्यांत दगावले. ज्यांना स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळाले, त्यांच्यातले आठ. नुसत्या ॲस्पिरिननेही मृत्यू पाचव्या हिश्श्याहून अधिक कमी झाले, आणि ही गोळी तर कुरुंद्याच्या किराणा दुकानातही मिळाली असती.

ते औषध प्रत्यक्ष कसे देतात, हे एकदा जवळून पाहावे. पांढऱ्या भुकटीची एक छोटी कुपी असते, तिच्यात पंधरा लाख युनिट. ती सलाईनमध्ये मिसळायची आणि तासाभरात शिरेतून सोडायची. त्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही, फुगा लागत नाही. ईसीजीचे यंत्र, तो वाचणारा डॉक्टर, विजेचा धक्का देणारे यंत्र आणि रोग्याजवळ बसून राहणारी परिचारिका एवढे पुरते. औषध चालू असताना ईसीजीवरची उचललेली रेष हळूहळू खाली येते, रोगी 'आता बरं वाटतंय' म्हणतो, कपाळावरचा घाम वाळतो. तालुक्याच्या गावी होऊ शकेल असा हा उपचार होता. पुढे चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गिरीश साहनी यांच्या चमूने स्ट्रेप्टोकायनेज देशातच बनवण्याचे तंत्र विकसित केले. आता त्याची जागा बऱ्याच ठिकाणी टेनेक्टेप्लेजने घेतली आहे. ते एकाच इंजेक्शनात देता येते.

इथे एक फरक सांगितलाच पाहिजे. झटका म्हणजे हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद होणे. त्यात माणूस शुद्धीवर असतो, कळा सोसतो. हृदय थांबणे निराळे. झटक्यामुळे ठोक्यांची लय विस्कटली की हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही आणि माणूस बोलता बोलता कोसळतो. तेव्हा औषधाला वेळच नसतो. छाती दाबली नाही आणि विजेचा धक्का मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून भरल्या सभेत कोणी कोसळले, तर त्याचे आयुष्य त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात असते. १९८२मध्ये आपल्या सभागृहांत छाती कशी दाबायची हे जाणणारे किती होते? आज किती आहेत?

पन्नाशीच्या आत का?

१२ एप्रिल १९४५ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता. आधी वर्षभर तो चढत होता आणि डॉक्टरांकडे त्यावर परिणामकारक असे काही नव्हते. तीन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पाच हजारांवर माणसांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, मधुमेह हे झटक्याचे मूळ आहे, हे याच पाहणीतून पुराव्याने पुढे आले. 'वयानुसार बीपी वाढतंच' ही समजूत तिथेच खोटी ठरली.

आपल्या लोकांचे वेगळे दुखणे 'इंटरहार्ट' अभ्यासाने दाखवले. ५२ देशांतल्या या पाहणीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी आलेला आढळला, इतरांना जवळजवळ एकोणसाठाव्या. कारणे मात्र तीच सगळीकडची: तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, बैठे जगणे. ती आपल्याकडे लवकर जमतात, एवढाच फरक. ज्ञान असले म्हणजे माणूस सुटतो असेही नाही. हजारो हृदये दुरुस्त करणारे डॉ. नीतू मांडके २२ मे २००३ला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले.

अंगावरून वारे जाणे

हृदयात जे घडते तेच मेंदूत घडले की त्याला गावात 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. तोंड एका बाजूला ओढले जाते, हात उचलत नाही, बोलणे बोबडे होते. पूर्वी यावर इलाज नाही असेच धरून चालत. रोग्याला घरात ठेवायचे, तेलाने चोळायचे, झाडपाला आणायचा.

इथेही इतिहास बदलला. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्ताची गाठ आहे की रक्तस्राव, हे रोगी जिवंत असताना प्रथमच दिसू लागले. १९९५मध्ये गाठ विरघळवणारे औषध पक्षाघातातही तीन तासांत दिले तर अपंगत्व कमी होते हे सिद्ध झाले. २००८मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. २०१५पासून मोठ्या रक्तवाहिनीतली गाठ जाळीने बाहेर ओढून काढण्याचा उपचारही मान्य झाला. उपचार न मिळालेल्या पक्षाघातात मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. म्हणून 'सकाळी बघू' म्हणून काढलेली एक रात्र पुढच्या सगळ्या आयुष्याचा हात किंवा वाचा घेऊन जाते. आणि स्कॅन होण्याआधी ॲस्पिरिन देऊ नये, कारण रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करते. गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय पाणी पाजणेही धोक्याचे, ते फुफ्फुसात जाते.

आता काय जवळ आले आहे

२ जुलै २०१२ला राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत नांदेड होते. अँजिओप्लास्टी आणि बायपास पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर होऊ लागली. पुढे ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्यभर चालू राहिली. २०१४मध्ये '१०८' क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका डॉक्टरांसह रस्त्यावर आल्या. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय आहेच, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले. गुरुजींच्या काळी जे औरंगाबाद-हैदराबादला होते, ते आज कुरुंद्यापासून गाडीने तासा-दीड तासाच्या टप्प्यात येऊ लागले आहे.

उरले आहे ते घरातले अंतर. हळदीच्या हंगामात दिवसभर राबलेला शेतकरी रात्री छाती चोळत उठतो. घाम फुटलेला, डावा हात जड, जबडा दुखतोय. घरातले म्हणतात, 'गॅस झाला असंल, सोडा घे.' मग ओवा, मग चुलत्याला बोलावणे, मग गावातल्या डॉक्टरचे एक इंजेक्शन, आणि उजाडल्यावर नांदेड. इटलीच्या अभ्यासाने ज्या पहिल्या तासाचे मोल दाखवले, तो तास सोड्यात गेलेला असतो. बायकांना आणि मधुमेह्यांना तर कधीकधी छातीत कळ न येता नुसता दम, मळमळ, कमालीचा थकवा येतो, म्हणून त्यांची दखल आणखी उशिरा घेतली जाते.

वाचलेल्यांची दुसरी गोष्ट. झटक्यानंतर चालायला लागायचे, डॉक्टर सांगतील तसे वाढवत न्यायचे. पक्षाघातानंतरची सर्वांत मोठी सुधारणा पहिल्या तीन-चार महिन्यांत होते, म्हणून व्यायामोपचार पहिल्या दिवसांतच सुरू व्हायला हवा. दुबळा हात धरून माणसाला ओढायचे नाही, खांदा निखळतो. रोगी उगाच रडतो, चिडतो, गप्प बसतो, तेही आजाराचेच आहे, त्यावरही औषध आहे. आणि 'आता बरं आहे' म्हणून गोळ्या बंद करणे हे दुसऱ्या झटक्याचे सर्वांत सरळ आमंत्रण आहे.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०च्या वर वारंवार गेला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करा आणि ती सोडू नका. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा. लोणचे-पापड-खाऱ्या शेंगदाण्यातले मीठही त्यातच मोजायचे. तंबाखू, मशेरी, गुटखा, बिडी, सगळे एकदम सोडा. छातीत दहा-पंधरा मिनिटांहून अधिक कळ राहिली, किंवा तोंड वाकडे झाले, हात पडला, जीभ जड झाली, तर कोणाला विचारत बसू नका, १०८ लावा आणि ईसीजी किंवा सीटी स्कॅन जिथे होतो तिथेच जा. समोर कोणी कोसळले आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत दाबत राहा. प्रत्येक शाळेने, महाविद्यालयाने, व्याख्यानमालेने आणि गणेश मंडळाने आपल्या दहा-वीस तरुणांना हे शिकवून ठेवावे. ज्या भूमीने एकोणपन्नासाव्या वर्षी आपला सर्वांत मोठा विचारवंत गमावला, तिने हे शिकण्यात मागे राहू नये.